वाऱ्याकडचा तुकडा

सुप्रियाचे वडील गेल्यावर सहदेवकाकांनी पळसदरीतली सगळी चांगली जमीन गिळली आणि तिच्यावर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी स्विमिंग पूलवालं फार्महाऊस उठवलं. सुप्रियाच्या वाट्याला आला त्याच्या पश्चिमेचा खडकाळ तुकडा. गावात काम मिळेना, म्हणून तिनं पुण्याची नोकरी पक्की करून बॅग भरली.

निरोप द्यायला काका आले, गोड हसत. "बरं केलंस गं. इथं काय ठेवलंय? तुकडा मला देऊन जा, पावन्यांच्या गाड्या लावीन."

सुप्रियाची दोरीवर वाळत घातलेली ओढणी वाऱ्यानं फार्महाऊसच्या दिशेला फडफडत होती. ते तिनं नीट पाहिलं, पुण्याला नकार कळवला आणि बॅग रिकामी केली.

मे महिन्यातल्या एका शनिवारी पूल पाहुण्यांनी गच्च भरला, आणि काका खोकत, डोळे चोळत तिच्या तुकड्यावर धावत आले. "अगं, हा कसला धूर? पावने चालले सोडून!"

"भाताचा राब भाजतेय, काका. शेण-पाला जाळल्याबिगर रोपं कशी येनार?"

"मग एकदाच काय तो जाळून टाक ना!"



"एकटीला नाय जमत, काका. दर शनिवारी थोडा थोडा भाजीन."