चोरीचा आवाज

शेजारच्या भैयाजीनं आपला मोबाईल बेबीबाईच्या तांदळाच्या डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि मगच गुडघ्याचं दुखणं सांगायला सुरुवात केली. मागच्या आठवड्यात त्यानं घरी नुसता विषय काढला होता, तर दुसऱ्या दिवसापासून फोनवर गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती सुरू. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याच्या गुडघ्याची एवढ्या आस्थेनं कधी चौकशी केली नव्हती, हेही खरंच.

कोंढा गावात सध्या हाच विषय होता. बँकेचा माणूस ग्रामपंचायतीत येऊन सांगून गेला होता, की आता चोर आवाजही चोरतात. पोराचा एखादा व्हिडिओ हाती लागला की मशीन हुबेहूब त्याच्यासारखं बोलतं आणि आईबापांना फसवतं. तेव्हा प्रत्येक घरानं खुणेचा एक शब्द ठरवून ठेवावा. भैयाजीनं आपल्या मेलेल्या बैलाचं नाव ठरवलं आणि घरच्यांनी विसरू नये म्हणून त्याच संध्याकाळी पानठेल्यावर सगळ्यांना सांगूनही टाकलं.

बेबीबाईला शब्द ठरवायची गरज वाटली नाही. तिचा निकेश तीन वर्षांपूर्वी पुण्याला गेला, तो बापाशी भांडून. एकुलत्या एका पोरानं घरच्या शेतात, बांधीत उतरावं, धान पिकवावं, असं कृष्णरावांना वाटत होतं. पोरगा ऐकेना तेव्हा ते रागाच्या भरात म्हणाले होते, "जा. पण पुन्हा मले तुझा आवाज ऐकवू नोको."

पोरगा बापासारखाच हट्टी. त्यानं तो शब्द पाळला. धाकट्या बहिणीच्या, खुशबूच्या फोनवर त्याचे मेसेज येत, फोटो येत, "जेवलो" येई. ती आईला वाचून दाखवी. आवाज मात्र कधी आला नाही, आणि बेबीबाईला तर तेवढाच हवा होता.

"'मले' हाच आमचा शब्द," ती भैयाजीला म्हणाली. "मशीन कायले 'मले' म्हणीन?"

भैयाजीला ते पटलं. पुण्याचे लोक मले-तुले ऐकून हसतात म्हणे, असंही तो म्हणाला आणि डब्यातला फोन काढून, पुसत पुसत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेबीबाई घरात एकटीच होती. तिच्या फोनवर अनोळखी नंबर आला.

"आई, मी निकेश," आवाज म्हणाला.

बेबीबाईनं फोन कानाशी घट्ट धरला. तोच आवाज, थोडा घोगरा, शब्दाच्या शेवटी हळू होणारा. मग आवाज म्हणाला, "मला तुझी खूप आठवण येते गं."

ती सावध झाली. निकेश असं कधी बोलायचा नाही. 'मला' नाही, आणि 'आठवण येते' तर मुळीच नाही. भंडाऱ्याच्या होस्टेलवर असताना त्याला घराची आठवण आली, की तो तिथल्या भाजीला नावं ठेवायचा.

फोन तेव्हाच ठेवायला हवा होता. पण आणला चोरानं असला तरी आवाज लेकराचा होता. तिनं विचारलं, जेवला का? चोर म्हणाला, जेवलो. झोप नीट लागते का, तब्येत कशी आहे, चोरानं सगळं सांगितलं. आपण चोराशी काय बोलून राहिलो, याची तिला लाज वाटत होती आणि तरी अजून काय विचारावं ते ती शोधत होती. डोळे सारखे भरून येत होते.

मग आवाज दबका झाला. "बाबा घरी आहेत का? सकाळी शेतावर कधी जातात? तू घरी एकटी कधी असतेस?"

चोराचा घरावरच डोळा आहे, हे बेबीबाईनं ओळखलं. घरी सगळे आहेत आणि पोलीसपाटीलही चहाला बसले आहेत, असं ठणकावून तिनं फोन कट केला.

संध्याकाळपर्यंत गावात तिचं नाव झालं. भैयाजीनं पानठेल्यावर हकिगत अशा थाटात सांगितली, की फोन त्यालाच आला असावा. खुशबूनं निकेशला सावध करायला मेसेज पाठवला, पण त्यावर एकच टिक दिसली; त्याचा फोन बंद असावा. मग ती चोराचा नंबर ब्लॉक करायला बसली.

"राहू दे," कृष्णराव म्हणाले.

कृष्णराव तंबाखू मळत होते, ते मळतच राहिले. मग त्यांनी बायकोला विचारलं, "आवाज त्याचाच होता?"

"त्याचाच."

"चोर आहे, मालूम आहे मले," ते म्हणाले. "पण पुन्हा लावला तं कापू नोको. मले दे."

बेबीबाईनं खुशबूच्या हातातला फोन घेऊन त्यांच्यापुढे ठेवला. तीन वर्षं तिनं या माणसावर मनातल्या मनात राग धरला होता. तो त्या संध्याकाळी कुठे गेला ते तिलाही कळलं नाही.

सकाळी कृष्णराव बांधीत गेले नाहीत. कंबर धरली म्हणाले आणि बायकोचा फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. दूधवाला येऊन गेला. पवनीहून येणारी बस फाट्यावर थांबून पुढे गेली. फोन काही वाजला नाही. पुढ्यातला चहा निवला, म्हणून बेबीबाई दुसरा कप घेऊन बाहेर आली आणि उंबरठ्यातच थबकली. कृष्णराव अजून मान खाली घालून फोनकडेच बघत होते. अंगणात कोणीतरी खांद्यावरची बॅग खाली ठेवली, आणि म्हणालं,

"बाबा, आईनं काल माझा फोन का कट केला?"