पेस्टमधला ठसा

बाबा गेल्यावर त्यांचा बंद पडलेला कॉम्प्युटर थोरलीने एका दुपारी उघडला. नवा प्रोसेसर हलक्या हाताने सॉकेटमध्ये बसवला, त्यावर उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी ठेवली आणि वरून पंख्याचा कूलर दाबला. पेस्ट नीट पसरली का, हे बघायला तिने तो पुन्हा उचलला.

राखाडी पेस्टमध्ये अंगठ्याचा ठसा होता. मधोमध तिरका व्रण, बाबांच्या अंगठ्यावर होता तसाच.

"आई, तू याला हात लावलास?"

"मी इथून उठले तरी का? काही लागलं असेल तर पुसून टाक, नव्याने लाव."

आई जवळ आली, वाकली आणि तिने थोरलीचा हात धरला. "राहू दे गं. पुसू नकोस."

थोरलीने कूलर तसाच परत ठेवला. दाबायला हात पुढे केला, तोवर तो अलगद, आपला आपणच खाली बसत गेला.