दुबार तक्रार

"आधीचीच तक्रार," असा शेरा संगणकाने मारला. पेशंटची तब्येत बिघडली की वाजणाऱ्या गजराचं सॉफ्टवेअर रुग्णालयांना पुरवणाऱ्या कंपनीत अशा दुबार तक्रारी शोधून मिटवणं हे तिचं काम. "दे मिटवून," साहेब मागून म्हणाले. "जुळ्यांना वेगळे पाळणे कशाला?" पण तिचं बोट अडलं. आधीच्या तक्रारीत गजर वाजलाच नव्हता. इथे सिस्टरने लिहिलं होतं: गजर वाजला पाचव्या खाटेचा, तडफडत होता सहाव्या खाटेवरचा पेशंट. तिने थेट वॉर्डात फोन लावला. "त्या सिस्टर रजेवर आहेत," पलीकडून आवाज आला. "मी आजच आलेय, मला अजून चहाही कुणी विचारला नाही. थांबा हं, पाच नंबर वाजतोय!" रिसीव्हर टेबलावर आपटला, पावलं धावत लांब गेली. "सिस्टर, सहाकडे जा! सहाकडे!" ती ओरडली. पलीकडे गजर वाजतच राहिला. साहेबही फोनवर वाकून "सहा! सहा!" ओरडू लागले.