प्रथम क्रमांक

“वर्षभर वापरलं नाही ना, आई? मग काढूनच टाकायचं. पसारा गेला की मनही हलकं होतं बघ,” लेक म्हणाली आणि माळ्यावरचं एकेक भांडं भंगाराच्या पोत्यात टाकू लागली.

तळाशी पोचे आलेला स्टीलचा पेला निघाला. लेकीनं धूळ पुसून त्यावर कोरलेलं वाचलं. “कुमारी बकुळा. धावणे, प्रथम क्रमांक. ही बकुळा कोण गं?”

आईच्या पोटऱ्या एकदम ताठरल्या. लग्नात तांदळावर लिहून तिचं नाव बदललं, तेव्हापासून त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. तिनं तोंड उघडलं.

“कुणी नाही,” खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. नवं नाव त्यांनीच निवडलं होतं. “टाक पोत्यात.”

पेला खणकन पडला.

“वाटतंय ना हलकं?”

“हो गं,” म्हणत तिनं पोतं उचललं आणि ती दाराकडे निघाली. सासूबाईंनी शिकवलं होतं तशी, पावलांचा आवाज न करता.