ऑरिनच्या पुंगळ्या

गॅरेजमधल्या बाकावर लेलंड काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांची तोंडं घासत बसला होता. एकेक पुंगळी उचलायची, कडा घासायचं छोटं हत्यार चिमटीत धरून तिच्या तोंडात दोनदा फिरवायचं. शंभर झाल्या तसा अंगठा ठणकायला लागला, मग बोटं वळेनाशी झाली.

त्याच्या बायकोनं, मार्व्हानं, टेनिसचा जुना बॉल चिरून हत्याराच्या दांडीवर बसवून दिला. "चिमटीत नको, आता मुठीत धर. एवढ्या मायेनं कधी माझे गुडघे चोळले असतेस तर!"

खरंच जरा बरं वाटलं. लेलंडनं दुसरा डबा पुढे ओढला.

"आता हा कशाला? तुझ्या झाल्या की सगळ्या."

"या ऑरिनच्या."

ऑरिन त्याचा थोरला भाऊ. एल्क हरणांच्या शिकारीच्या हंगामाआधी दोघांच्याही पुंगळ्या लेलंडनं घासायच्या आणि ऑरिननं त्यांत दारू भरायची, हे चाळीस वर्षं चालत आलेलं.

मार्व्हा त्याच्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिली. "अरे, दिसत नाही म्हणून ऑरिननं जुलैमध्येच रायफल विकली ना? अख्ख्या गावाला ठाऊक आहे. या मापाच्या पुंगळ्या तुझ्या रायफलीत बसतसुद्धा नाहीत. कुणासाठी हात मोडून घेतोयस?"

लेलंडनं पुढची पुंगळी उचलली.

"मला अजून सांगितलं नाहीये त्यानं."