दोन धुराडी

कारखान्याच्या दोन धुराड्यांभोवती वारा कसा वाहतो, त्याचं गणित तिने संगणकावर तिसऱ्यांदा चालवून पाहिलं. उत्तर तेच आलं. पुढच्या धुराड्याला वळसा घालताना वाऱ्यात भोवरे उठत होते आणि मागच्यावर जाऊन आदळत होते. मोठं वादळ आलं तर मागचं धुराडं टिकणार नव्हतं. मूळ आराखडा तिच्या वडिलांचा होता. ती आता काम करत होती त्याच कचेरीतून ते निवृत्त झाले होते.

तिने अहवाल आधी घरी नेला. वडिलांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला, पेन्सिलीने आकडे पडताळले.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "मी एकेकट्याचं गणित केलं. शेजारी दुसरं उभं आहे, हे धरलंच नाही."

"बाबा, तेव्हा कचेरीत असं गणित करायची सोयच नव्हती, असं लिहिते मी. खोटं नाहीये ते."

"सोय नव्हती, पण शंका आली होती मला. सगळ्यांना घाई होती, म्हणून मी गप्प बसलो."

अहवालात ते कुठे आणि कसं लिहायचं, हे तिला सुचेना.

सकाळी ती कामावर निघाली, तर वडील इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे.

"तू गणित सांग," ते म्हणाले, "बाकीचं मी सांगतो. बावीस वर्षं सांगायचं राहून गेलंय."