फक्कीची रेघ

"पगार पंचेचाळीस हजार, पहिल्या महिन्यापासून," मुख्याध्यापक म्हणाले. मी नेमणूकपत्र दोनदा वाचलं. बी.पी.एड. झाल्यापासून सात वर्षं मला कुणी तासिकांचे चार हजारसुद्धा वेळेवर दिले नव्हते. "ती डिग्री चुलीत घाल," असं वडील रोज म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर मी फक्कीने शर्यतीची रेघ आखली आणि शिट्टी फुंकली. चाळीस पोरं आरडाओरडा करत, रेघ तुडवत पळाली आणि धापा टाकत, तुडवतच परत आली. मी सहज खाली पाहिलं. रेघ जशीच्या तशी होती. एकाही पावलाने फक्की विस्कटली नव्हती.

मुख्याध्यापक मागे येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "आधीचे सर इथूनच निघून गेले. पगारही न घेता. तुमचं काय?"

पोरं रांगेत उभी राहून माझ्याकडेच बघत होती. मला वडिलांचा आवाज आठवला. मी बुटाने ती रेघ ठिकठिकाणी पुसली, पोरांच्या पायांनी पुसली जाते अगदी तशी.

"चला रे," मी म्हणालो, "आणखी एक फेरी."